नोटेवरच्या आकड्याचे मोल

'७८६' क्रमांकाच्या नोटेला खरोखरच लाखो रुपये मिळतात का? घरातल्या जुन्या नोटा बाहेर काढण्यापूर्वी त्यांच्यावरच्या आकड्यांची भाषा समजून घेतलेली बरी.

भाजीवाला किंवा रिक्षावाला सुटे पैसे परत देतो, तेव्हा आपण काय पाहतो? नोट कितीची आहे आणि ती फाटकी तर नाही ना, एवढेच. तिच्यावर छापलेला क्रमांक वाचण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. पण काही मंडळी अशी असतात की, नोट हातात आली की त्यांची नजर आधी आकड्यावर जाते. बँकेतून दहाच्या नोटांची कोरी गड्डी मिळाली की ती घरी नेऊन एकेक नोट निरखून पाहणारे छांदिष्ट गावोगावी आहेत. एखादी ५५५५५५ क्रमांकाची नोट सापडली, तर त्यांना लॉटरी लागल्याचा आनंद होतो.

हा छंद निरुपद्रवी आहे, स्वस्त आहे आणि घरातल्या मुलांना त्यातून चार गोष्टी शिकताही येतात. पण गेल्या काही वर्षांत त्याच्या आडून एक वेगळाच बाजार उभा राहिला आहे. 'तुमच्याकडे ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट आहे? मग तुम्ही लखपती आहात!' 'नोटेवर ७८६ आहे? तीन लाख घरबसल्या मिळवा!' अशा जाहिराती आणि चित्रफिती मोबाइलवर सतत फिरत असतात. अनेकांनी कपाटातल्या डब्यातून नोटा शोधून काढल्या आणि लाख मिळण्याऐवजी स्वतःच्या खात्यातले हजारो रुपये मात्र गमावले. म्हणूनच नोटेवरच्या आकड्याला खरे मोल केव्हा असते आणि केव्हा नसते, हे प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असायला हवे.

क्रमांक कशासाठी?

प्रत्येक नोटेला स्वतःचा क्रमांक असतो. किती नोटा छापल्या, किती बाहेर पडल्या याचा हिशेब त्यावरून राहतो. हा क्रमांक नोटेवर दोन ठिकाणी असतो. सध्याच्या नोटांवर आधी एक आकडा आणि दोन अक्षरे असतात, उदाहरणार्थ '५एबी', आणि त्यापुढे सहा आकडे. आधीच्या आकडा-अक्षरांना संग्राहक 'प्रिफिक्स' म्हणतात. एका प्रिफिक्समध्ये ०००००१ पासून सुरुवात होऊन दहा लाख नोटांची एक मालिका पुरी होते. ती संपली की अक्षर बदलते आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

क्रमांकाच्या मागे फिकट रंगात एखादे इंग्रजी अक्षरही दिसते. त्याला 'इनसेट' अक्षर म्हणतात. २००५ च्या मालिकेपासून नोटेच्या मागच्या बाजूला, खाली, छपाईचे वर्ष येऊ लागले. २०१५ मध्ये आणखी एक बदल झाला. सहा आकडे डावीकडून उजवीकडे आकाराने मोठे होत जाऊ लागले. पहिली तीन आकडा-अक्षरे मात्र एकाच आकाराची राहिली. खोट्या नोटा करणाऱ्यांना अडचण व्हावी, हा त्यामागचा हेतू. क्रमांक छापण्याची शाई अतिनील दिव्याखाली चमकते, हेही त्याच हेतूने. त्यामुळे एखाद्या लबाडाने आकडा खरवडून ३ चा ८ केला, तर जाणकार दुकानदार दिव्याखाली नोट धरून ती लबाडी चटकन पकडू शकतो.

महाराष्ट्राचा या सगळ्याशी जुना संबंध आहे. ब्रिटिश अमदानीत भारताच्या नोटा इंग्लंडमधून छापून येत. १९२८ पासून त्या नाशिक रोडच्या छापखान्यात छापल्या जाऊ लागल्या. आज नाशिकबरोबर देवास, म्हैसूर आणि पश्चिम बंगालमधील सालबोनी येथेही नोटा छापल्या जातात.

कोणते आकडे 'फॅन्सी'?

संग्राहकांच्या बोलीत अशा नोटांना 'फॅन्सी नंबर'च्या नोटा म्हणतात. त्यांचे काही ठरलेले प्रकार आहेत, आणि प्रत्येक प्रकार किती दुर्मिळ आहे याचा हिशेब पाचवी-सहावीतल्या मुलालाही मांडता येईल.

सर्वांत मानाचा प्रकार म्हणजे 'सॉलिड'. सहाही आकडे एकच, जसे १११११ नंतर आणखी एक १. दहा लाखांच्या एका मालिकेत अशा नोटा फक्त नऊ : १११११ची ती सहाआकडी जोडणी, मग २२२२२२, ३३३३३३ असे करत ९९९९९९ पर्यंत. म्हणजे सरासरी १,११,१११ नोटांमागे एक. एखाद्या कॅशिअरने रोज हजार कोऱ्या नोटा तपासल्या, तरी त्याला अशी एक नोट दिसायला सरासरी १११ दिवस लागतील.

'लॅडर' म्हणजे शिडी. १२३४५६ ही चढती शिडी, ६५४३२१ ही उतरती. ०१२३४५ पासून ४५६७८९ पर्यंत चढत्या पाच आणि तशाच उतरत्या पाच, अशा एका मालिकेत जेमतेम दहा नोटा.

'रडार' म्हणजे उलटसुलट कसाही वाचला तरी तोच राहणारा क्रमांक, जसे २७४४७२. 'रिपीटर' म्हणजे तीन आकडे पुन्हा तसेच येणारा, जसे ४१९४१९. या दोन्ही प्रकारांच्या प्रत्येकी ९९९ नोटा एका मालिकेत असतात. म्हणजे साधारण हजारात एक. हौसेच्या दृष्टीने गंमत आहे, पण दुर्मिळ म्हणावे असे फारसे काही नाही.

याशिवाय अगदी सुरुवातीचे क्रमांक, विशेषतः ०००००१, यांना नेहमीच मागणी असते. मालिकेच्या टोकाला येणारी दहा लाखावी नोटही संग्राहक शोधत असतात. सहा आकड्यांत ती मावत नाही, म्हणून तिच्यावर १०००००० असे सात आकडे येतात.

आणि कुटुंबांना सर्वांत जवळचा वाटणारा प्रकार म्हणजे तारखेची नोट. १५०८४७ हा क्रमांक १५ ऑगस्ट १९४७ ची आठवण देतो. त्याच पद्धतीने मुलाच्या जन्माची, आईवडिलांच्या लग्नाची तारीखही शोधता येते. कोणतीही तारीख घ्या, दर दहा लाख नोटांत तिची एक नोट असतेच. साठाव्या वाढदिवसाला चांदीच्या भांड्यापेक्षा जन्मतारखेची दहाची नोट चौकटीत घालून देणारे नातेवाईक म्हणूनच जास्त लक्षात राहतात.

आकड्यांचा हा सोस केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. चिनी लोकांना ८ हा आकडा भाग्याचा वाटतो. अमेरिकेच्या सरकारी नोट छापखान्याने ८८८८ ने सुरू होणाऱ्या एक डॉलरच्या नोटा 'लकी मनी' म्हणून शोभिवंत पाकिटात घालून जादा किमतीला विकल्या. राजे चार्ल्स यांचे चित्र असलेल्या नव्या नोटा २०२४ मध्ये इंग्लंडमध्ये आल्या, तेव्हा बँक ऑफ इंग्लंडने सुरुवातीच्या क्रमांकांच्या नोटा लिलावात काढल्या. त्यांचे दर्शनी मूल्य सुमारे ७८ हजार पौंड होते आणि लिलावात जमले नऊ लाख पौंडांहून अधिक. ती सारी रक्कम धर्मादाय संस्थांना देण्यात आली.

'७८६' चा हिशेब

भारतात सर्वाधिक बोलबाला आहे तो ७८६ चा. अरबी लिपीतील प्रत्येक अक्षराला एक संख्या देण्याची जुनी पद्धत आहे. तिच्यानुसार 'बिस्मिल्ला' या पवित्र वचनातील अक्षरांची बेरीज ७८६ येते, म्हणून अनेक मुस्लिम बांधव हा आकडा शुभ मानतात. हिंदी चित्रपटांनी तो घरोघरी पोहोचवला. शुभ म्हणून ही नोट पाकिटात जपून ठेवणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे लोक आढळतात. श्रद्धेचा तो भाग वेगळा. प्रश्न आहे बाजारभावाचा.

शेवटी ७८६ असलेल्या नोटा एका मालिकेत किती? अगदी सोपे आहे. दर हजार क्रमांकांत एक. शंभर-शंभरच्या दहा गड्ड्यांचे एक कोरे बंडल सलग क्रमांकांचे असेल, तर त्यात ७८६ ने संपणारी एक नोट हमखास असणार. आणि हा आकडा क्रमांकात कुठेही चालत असेल, म्हणजे ७८६४५१ किंवा २७८६९० सुद्धा, तर दहा लाखांत अशा ३,९९९ नोटा निघतात. सुमारे अडीचशेत एक!

देशात आज सर्व किमतींच्या मिळून दहा हजार कोटींहून अधिक नोटा चलनात आहेत. वरच्या हिशेबाने त्यांपैकी जवळजवळ चाळीस कोटी नोटांवर कुठे ना कुठे ७८६ असायला हवा. चाळीस कोटी नोटांपैकी प्रत्येकीला तीन लाख रुपये देणारा गिऱ्हाईक कोठून येणार? कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटांत होणारा हा हिशेब केला, तरी बरेच मोह आपोआप गळून पडतात.

याचा अर्थ ७८६ च्या नोटेला काहीच किंमत नाही असा नव्हे. कोरी करकरीत नोट असेल, क्रमांक ७८६७८६ किंवा ०००७८६ असा असेल, तर हौशी गिऱ्हाईक दर्शनी किमतीपेक्षा जास्त देतो. पण ती हौसेची किंमत असते, घर बांधण्याची नव्हे.

तारांकित नोटांची अफवा

काही नोटांवर प्रिफिक्स आणि सहा आकडे यांच्यामध्ये एक तारा छापलेला दिसतो. २०२३ मध्ये अशी अफवा पसरली की या नोटा खोट्या आहेत. काही दुकानदार त्या घेईनात. अखेर त्या वर्षीच्या जुलै महिन्यात रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला की, या नोटा पूर्णपणे खऱ्या आणि वैध आहेत.

मूळ गोष्ट साधी आहे. छापताना काही नोटा बिघडतात. त्या काढून टाकल्या की गड्डीत शंभर नोटा भरत नाहीत. म्हणून २००६ पासून बिघडलेल्या नोटांच्या जागी ताऱ्याचे चिन्ह असलेल्या वेगळ्या क्रमांकाच्या नोटा घालण्याची पद्धत सुरू झाली, आधी १०, २० आणि ५० रुपयांच्या नोटांत. डिसेंबर २०१६ मध्ये पाचशेच्या नव्या नोटांतही तारा आला. अशा गड्डीत नोटा शंभरच असतात, फक्त त्यांचे क्रमांक सलग नसतात.

साध्या नोटांच्या तुलनेत तारांकित नोटा कमी, म्हणून संग्राहक त्या जमवतात. पण तारा आहे म्हणून नोट खोटी नाही, आणि तारा आहे म्हणून ती लाखाची नाही. दोन्ही अफवा सारख्याच पोकळ.

अक्षरे आणि सह्या

क्रमांकातील आकड्यांपेक्षा अक्षरांनी किंमत वाढल्याची उदाहरणे अधिक रंजक आहेत. पन्नासच्या दशकात आखाती देशांत भारतीय रुपया सर्रास चालत असे. त्याचा फायदा घेऊन सोन्याचे तस्कर येथून नोटा नेत, तिकडे सोने घेत, आणि त्या नोटांच्या बदल्यात भारताला परकीय चलन मोजावे लागे. हा मार्ग बंद करण्यासाठी १९५९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून आखातासाठी आणि हज यात्रेकरूंसाठी खास नोटा काढण्यात आल्या. त्या भारतात चालत नसत. हजच्या नोटांवर क्रमांकाआधी 'एचए' ही अक्षरे होती, तर आखाती नोटांवर 'झेड'. नंतर त्या देशांनी आपापली चलने काढली आणि या नोटा मागे पडल्या. मोजक्याच उरल्या. त्यांपैकी शंभर रुपयांच्या एका हज नोटेला २०२४ मध्ये लंडनच्या लिलावात ५० लाख रुपयांहून अधिक किंमत आली. बातमी वाचून अनेकांनी आपापली शंभरची नोट तपासली असेल. पण त्या नोटेची किंमत आकडा गोड होता म्हणून आलेली नव्हती. तशा नोटा जगात फारच थोड्या शिल्लक आहेत, म्हणून आली होती.

सहीचेही तसेच. रिझर्व्ह बँक १९३५ मध्ये स्थापन झाली, पण तिची पहिली नोट आली १९३८ मध्ये. तोवर पहिले गव्हर्नर सर ऑस्बोर्न स्मिथ पायउतार झाले होते. त्यामुळे त्यांची सही कोणत्याही नोटेवर नाही. पहिली सही आली ती सर जेम्स टेलर यांची. पुढे १९४३ मध्ये चिंतामणराव देशमुख पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांच्या सहीच्या नोटा मराठी संग्राहक विशेष अभिमानाने जपतात. १९७० मध्ये बी. एन. आडारकर अवघे ४२ दिवस गव्हर्नर होते. साहजिकच त्यांच्या सहीच्या नोटांचा शोध घेणारे पुष्कळ आहेत. एक रुपयाच्या नोटेची गोष्ट निराळी. ती रिझर्व्ह बँकेची नसून भारत सरकारची असते आणि तिच्यावर अर्थसचिवांची सही असते. १९१७ मध्ये सुरू झालेली ही नोट १९९४ मध्ये छापणे बंद झाले आणि २०१५ मध्ये ती पुन्हा आली.

किंमत ठरते कशी?

एखाद्या नोटेचे मोल चार गोष्टींवर ठरते. पहिली, तशा नोटा किती शिल्लक आहेत. दुसरी, नोटेची अवस्था. तिसरी, क्रमांक किंवा सही यांचे वेगळेपण. आणि चौथी, ती घ्यायला तयार असलेला खरा गिऱ्हाईक.

यांपैकी अवस्थेकडे सर्वसामान्यांचे दुर्लक्ष होते. कधीही घडी न पडलेली, चारही कोपरे टोकदार असलेली नोट आणि तोच क्रमांक असलेली पण खिशात मळलेली नोट यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर पडते. पूर्वी बँका गड्ड्यांना तारेची पिन मारीत. २००१ च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने ही पद्धत बंद करायला सांगितले. त्याआधीच्या बहुतेक नोटांना पिनची भोके असतात. म्हणून भोक नसलेली जुनी नोट दिसली की जाणकाराचे डोळे चमकतात.

ट्रॅक्टरच्या नोटेचे काय? शेतात ट्रॅक्टर चालवणारा शेतकरी मागच्या बाजूला असलेली पाच रुपयांची ती नोट आपल्यापैकी सगळ्यांनी वापरली आहे. तिच्या अगणित प्रती छापल्या गेल्या. जी नोट घरोघरी निघते, ती दुर्मिळ कशी असेल?

लाखाच्या आशेने हजारांचा फटका

फसवणुकीची पद्धत ठरलेली असते. आधी जाहिरात. मग 'नोटेचा फोटो पाठवा' असा निरोप. थोड्या वेळात गोड आवाजात फोन येतो, 'काका, अभिनंदन! तुमच्या नोटेला चार लाख मंजूर झाले.' कधी रिझर्व्ह बँकेचे बोधचिन्ह असलेले पत्रही येते. घरात आनंदीआनंद होतो. मग हळूच मागणी सुरू होते. आधी नोंदणीची फी, ती अगदी किरकोळ. त्यानंतर जीएसटी. मग 'रिझर्व्ह बँकेचे प्रमाणपत्र'. त्यानंतर पैसे घेऊन येणाऱ्या माणसाचा विमा. प्रत्येक वेळी सांगितले जाते की, हा शेवटचा हप्ता. आधी भरलेले पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो. अखेर एक दिवस तो फोन लागेनासा होतो.

यात बळी पडतात ती बहुधा साधी, सरळ माणसे. पेन्शनवर जगणारे आजोबा, मुलीच्या लग्नाची काळजी असलेली आई, फीसाठी पैसे हवे असलेला विद्यार्थी. गेलेल्या पैशांइतकेच दुःख असते ते लाज वाटण्याचे. अनेक जण घरातही सांगत नाहीत आणि मग फसवणाऱ्यांचे आणखी फावते. अशा वेळी घरच्यांनी 'तुम्हाला एवढेही कळले नाही का' असे म्हणणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे. आधी तक्रार, मग बाकी सारे.

४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने याबाबत जाहीर इशारा दिला. बँक जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या खरेदी-विक्रीच्या व्यवहारात पडत नाही, त्यासाठी कोणाकडूनही फी किंवा कमिशन मागत नाही आणि आपल्या वतीने तसे करण्याचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही, असे तिने स्पष्ट केले. म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या नावाने पैसे मागणारा कोणीही असो, तो खोटाच.

एक साधी परीक्षा नेहमी उपयोगी पडते. समोरच्याला म्हणावे, 'तुमची जी काही फी असेल, ती मला मिळणाऱ्या रकमेतून कापून घ्या.' खरा व्यापारी याला हसत तयार होईल. भामटा शंभर कारणे सांगेल. आणखी एक : पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला, की समजावे पैसे येणार नाहीत, जाणार आहेत.

फसवणूक झालीच, तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या सरकारी हेल्पलाइनवर फोन करावा आणि आपल्या बँकेलाही कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

बाद नोटांचा कायदा

छंदाच्या भरात एका कायद्याकडे दुर्लक्ष होता कामा नये. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी बाद झालेल्या पाचशे आणि हजारच्या जुन्या नोटा 'आठवण' म्हणून अनेक घरांत पडून आहेत. २०१७ च्या कायद्यानुसार कोणाही व्यक्तीला अशा एकूण दहापर्यंत नोटा बाळगता येतात. अभ्यास, संशोधन किंवा संग्रहासाठी ही मर्यादा पंचवीस आहे. त्याहून जास्त सापडल्यास दहा हजार रुपये किंवा नोटांच्या दर्शनी मूल्याच्या पाचपट, यांपैकी जी रक्कम जास्त असेल, तेवढा दंड होऊ शकतो.

दोन हजारच्या नोटेची गोष्ट वेगळी. मे २०२३ मध्ये ती चलनातून मागे घेण्यात आली, पण बाद झालेली नाही.

जपायची कशी, विकायची कुठे?

चांगली नोट घरातच खराब केली जाते, आणि तीही प्रेमाने. लक्ष्मीपूजनाला नोटांवर हळद-कुंकू वाहिले जाते, त्याचा डाग कायमचा बसतो. जुनी नोट धुणे, इस्त्री करणे, चिकटपट्टी लावणे किंवा प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करून घेणे, या सगळ्याने तिचे मोल नाहीसे होते. नोट सपाट, कोरड्या जागी, ऊन लागणार नाही अशी ठेवावी. स्वस्त मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटातले रसायन कागदावर उतरते. म्हणून नोटांसाठी मिळणारी चांगल्या प्रतीची पॉलिएस्टरची पाकिटे वापरावीत. पावसाळ्यात अल्बम एकदोनदा उघडून पाहावा. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

एखादी नोट खरोखर वेगळी वाटली, तर घाई करू नये. पुण्यातील 'कॉइनेक्स'सारख्या प्रदर्शनांत आणि मोठ्या शहरांतील नाणेसंग्राहकांच्या मंडळांत अनुभवी लोक भेटतात. किमान दोघातिघांना नोट दाखवावी, प्रत्यक्ष दाखवावी. नावाजलेल्या लिलाव कंपन्यांच्या यादीत तशाच नोटेला, तशाच अवस्थेत, प्रत्यक्ष काय भाव आला ते पाहावे. 'मागितलेली किंमत' आणि 'मिळालेली किंमत' यांत फरक असतो. दहाच्या नोटेला कोणीही दहा लाख मागू शकतो, देणारा मिळाला तरच तो भाव.

मुलांना या विषयाची गोडी लावायची असेल, तर मुंबईत फोर्टमधील रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय अवश्य दाखवावे. २००४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात प्राचीन नाण्यांपासून कागदी नोटांपर्यंतचा प्रवास नीट मांडला आहे. नाशिकजवळ अंजनेरी येथेही नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे.

हे ध्यानात ठेवा

- नुसते जुने म्हणजे मौल्यवान नव्हे. दुर्मिळपणा, अवस्था आणि गिऱ्हाईक तिन्ही हवे.
- सहाही आकडे सारखे, शिडीचा क्रम किंवा ०००००१ असेल, तर नोट खर्च करू नका, जाणकाराला दाखवा.
- नोट विकण्यासाठी आधी एक रुपयाही भरू नका.
- नोटेचा फोटो पाठवताना सोबत आधार, पॅन किंवा बँक पासबुकाचा फोटो कधीही पाठवू नका.
- घरातल्या ज्येष्ठांना आणि मुलांना रिझर्व्ह बँकेचा इशारा समजावून सांगा.

शेवटी, सर्वच मोल बाजारात ठरत नाही. आजीने पहिल्या पगाराची म्हणून जपलेली दोन रुपयांची नोट किंवा वडिलांनी शाळेच्या बक्षिसाची म्हणून वहीत ठेवलेली एक रुपयाची नोट, यांना संग्राहक दोन-चार रुपयेही जास्त देणार नाही. त्यांच्यावरचा आकडाही साधाच असेल. पण ती कोणाची, कधीची आणि कशाची, हे एका चिठ्ठीवर लिहून नोटेसोबत ठेवले, तर पुढच्या पिढीच्या हाती नुसता कागद पडणार नाही. असे काम दिवाळीच्या साफसफाईत तासाभरात होते आणि त्यासाठी कोणाला फी द्यावी लागत नाही.